झोरा थिएटरच्या वेलिकाबाई

झोरा थिएटर सगळ्या गावाचं आहे, असं गोर्ना लिपा गावात कोणीही सांगेल. छप्पर गळायला लागलं की हे 'सगळं गाव' कुठे जातं, ते मात्र कोणाला सांगता येत नाही. आजोबा-पणजोबांच्या काळात लोकांनी ते आपल्या हातांनी बांधलं. कोणी विटा दिल्या, कोणी बैलगाडी दिली, कोणी नुसताच सल्ला दिला. विटा देणाऱ्यांची नातवंडं आज जर्मनीत आणि स्पेनमध्ये आहेत. सल्ला देणाऱ्यांची सगळी गावातच आहेत.

कागदोपत्री थिएटर चालवतं वाचनमंडळ, आणि वाचनमंडळ चालवतात वेलिकाबाई. वेलिका म्हणजे थोर. आईबापांनी कौतुकाने नाव ठेवलं आणि मुलीने ते मनावर घेतलं. बाईंनी जन्मभर गावच्या शाळेत कवायत शिकवली. निवृत्त होताना शिट्टी परत करायची असते, हे त्यांना सांगायची हिंमत कोणाची झाली नाही. ती शिट्टी गळ्यात घालूनच त्या दर शुक्रवारी थिएटरच्या दारात उभ्या राहत. कोणी मोबाइल काढला की शिट्टी. कोणी सूर्यफुलाच्या बिया फोडल्या की शिट्टी. मागच्या रांगेत कोणी जरा जास्तच सरकून बसलं, तर दोन शिट्ट्या, आणि वर दोघांच्याही आयांच्या नावाने जाहीर हाक. मंडळाच्या निवडणुकीत त्या दरवेळी विचारत, "आणखी कोणाला उभं राहायचंय?" त्या अशा नजरेने विचारत, की सभेतले झाडून सारे पुरुष बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकत.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी वालेन्सियात. ती रविवारी फोन करायची, तोही भांडी विसळता विसळता. घरात बाईंचं ऐकायला एक मांजर उरलं होतं, आणि तेही ऐकत नव्हतं. म्हणून थिएटर. तिथे लोकांना गप्प बसावंच लागे.

गावात एकच माणूस त्यांना पुरून उरला होता. तो म्हणजे गेंचो, मधमाश्या पाळणारा. बाईंचाच विद्यार्थी, आता स्वतः साठीच्या पुढचा. त्याला एक खोड होती. पुढच्या रांगेतल्यांच्या कानाशी वाकून तो सिनेमाचा शेवट सांगायचा, आणि त्याचं कुजबुजणं म्हणजे दुसऱ्याचं ओरडणं. एका रहस्यपटाच्या मध्यंतरात त्याने खुनी कोण ते सांगितलं आणि अर्धं थिएटर उठून घरी गेलं. बाईंनी त्याला दारातच अडवलं.

"गेंचो, तुला आजपासून इथे बंदी."

"किती दिवस, बाई?"

"तू मरेपर्यंत."

"आणि तुम्ही आधी गेलात तर?"

"तरीसुद्धा."

गेंचोने टोपी काढून नमस्कार केला आणि गेला. तेव्हापासून रस्त्यात बाई दिसल्या की तो मुद्दाम समोर येऊन विचारायचा, "कशा आहात बाई? अजून आहात ना?"

हे सगळं असंच आनंदात चाललं असतं. पण त्या वर्षी ऑगस्टमध्ये उष्म्याने कहर केला.

ऑगस्ट म्हणजे परदेशी गेलेल्यांनी गावी यायचा महिना. थिएटर तेवढ्यापुरतं भरतं. त्या शुक्रवारी तर जागा मिळेना. लागला होता एक जुना प्रेमपट, ज्यात सगळ्यांना रडता येतं आणि नंतर राकियाची दारू प्यायला कारण मिळतं. पहिल्या रांगेत उपनगराध्यक्ष त्रिफोन बालेव बसले होते. त्यांना सिनेमाची आवड नव्हती, पहिल्या रांगेची होती.

नायिका खिडकीशी उभी होती. तिचा चेहरा पडदाभर झाला आणि डाव्या डोळ्याच्या जरा खाली एक थेंब चमकला. तपकिरी, जाडसर. तो सावकाश गालावरून उतरला. थिएटरात पदर नव्हते, पण रुमाल निघाले.

"काय दिग्दर्शन आहे!" त्रिफोन मोठ्याने म्हणाले. "असं आता कोणी करत नाही."

मग प्रसंग बदलला. घोडागाडी आली. थेंब होता तिथेच होता, आता घोड्याच्या पोटावर. त्याच्या मागून दुसरा आला, मग तिसरा. घोड्यानंतर पाद्री आला, त्याच्या दाढीतूनही तेच ओघळू लागलं. दिग्दर्शनाची स्तुती थांबली. वेलिकाबाई शिट्टी फुंकत पडद्यापाशी गेल्या. त्यांनी बोट लावलं, वास घेतला आणि शेवटी चाटून पाहिलं.

"मध!" त्या म्हणाल्या. आवाजात असा राग होता, जणू मधाने बिया फोडल्या होत्या.

तेवढ्यात पडद्यामागे धप्पकन काहीतरी कोसळलं. भिंतीच्या पोकळीत कित्येक वर्षं मधमाश्यांनी घर केलं होतं. उष्म्याने मेण वितळलं, पोळी आपल्याच वजनाने खाली आली आणि जाताना गिलावाही घेऊन गेली. पाठोपाठ माश्या बाहेर पडल्या. 'गर्दी न करता, रांगेने बाहेर पडावे' अशी पाटी दारावर कित्येक वर्षं होती. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की ती कोणीच वाचलेली नाही. त्रिफोन पहिल्या रांगेत होते, पण बाहेर आले ते सर्वांच्या आधी. हे कसं जमलं याचा उलगडा अजून झालेला नाही.

सोमवारी मंडळाची सभा भरली. अग्निशमनवाले येऊन गेले होते. माशी म्हणजे आग नव्हे, एवढं सांगून ते जेवायला गेले. जिल्ह्याहून औषध फवारणारा आला होता. तो म्हणाला, माश्या मारता येतील, पण मेलेल्या माश्या आणि मध भिंतीत कुजले तर तो वास तुमच्या नातवंडांनाही पुरेल. माश्या जिवंतच काढायला हव्यात.

त्रिफोन गालावर पट्टी लावून उभे राहिले. "मित्रहो, दुःख मलाही आहे. पण व्यवहार बघायला हवा. माझं मत असं, की थिएटर तात्पुरतं बंद ठेवावं."

गोर्ना लिपामध्ये रेल्वे स्टेशन तात्पुरतं बंद झालं होतं. प्रसूतिगृह तात्पुरतं बंद झालं होतं. सार्वजनिक स्नानगृह इतकं तात्पुरतं बंद झालं होतं, की त्याच्या आत आता अक्रोडाचं झाड होतं.

"आणि पुढे?" वेलिकाबाईंनी विचारलं.

"पुढे तिथे बहुउद्देशीय केंद्र करता येईल."

"कोणते उद्देश?"

"बहु," त्रिफोन म्हणाले.

त्यातला एक उद्देश म्हणजे त्यांच्या मेव्हण्याच्या दुकानातली कपाटं ठेवणं, हे गावाला ठाऊक होतं. त्रिफोनना तेवढं ठाऊक नव्हतं की गावाला ठाऊक आहे.

"आधी माश्या तर काढू," बाईंची शेजारीण मिता म्हणाली. मिता शिवणकाम करायची आणि गावात बाईंशी बरोबरीने बोलणारी तीच एक होती. "गेंचोला बोलवा की. बाकीचे मधवाले माश्यांच्या पेट्या घेऊन सूर्यफुलाच्या शेतांकडे गेलेत. तोच एक आळशी घरी बसलाय."

बाईंचं तोंड असं झालं, जणू कोणी त्यांना कवायतीच्या मैदानात नाचायला सांगितलं. पण गेल्या.

गेंचो अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बसून काकडी घातलेलं गार दही वाटीने पीत होता. तो उठला नाही.

"अरे वा! बाई! अजून आहात?"

"मस्करी पुरे. थिएटरच्या भिंतीत माश्या आहेत. काढायच्यात."

"मला तर तिथे बंदी आहे."

"कामापुरती उठवते."

"कामापुरती नको," गेंचोने मिशी पुसली. "असं करा बाई. शुक्रवारी स्टेजवर उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, 'गेंचो, माझं चुकलं.' बस. मला पैसे नकोत, मध नको."

"माझं काय चुकलं?"

"बघा! हेच. शाळेतही तुम्ही असंच म्हणायचात. मला आठवतंय, दोरीवर मला चढवलंत आणि दोरी तुटली. हाडं माझी मोडली, आणि ओरडा कोणी खाल्ला? मीच."

"तू जाडा होतास."

"चला, या आता," गेंचो म्हणाला आणि वाटी तोंडाला लावली.

बाई ताठ मानेने बाहेर पडल्या. एका पोराने, म्हणजे साठीच्या पोराने, अट घालावी? मधमाश्या हाकलायला काय लागतं? धूर लागतो. तेवढं कोणालाही कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच थिएटरात शिरल्या. डोक्यावर लग्नातल्या टोपीची जाळी, हातांत स्वयंपाकाचे हातमोजे आणि जुन्या कढईत ओली पोती पेटवलेली. सिनेमाचं यंत्र चालवणारा असेन वर यंत्राच्या खोलीत झोपला होता. असेन बहुतेक वेळा तिथेच झोपलेला असे. त्याला जाग आली ती धुरामुळे. त्याने खिडकीतून बोंब ठोकली, आणि या वेळी अग्निशमनवाले आले, कारण आता खरंच त्यांचं काम होतं. जे मधाने भिजवलं नव्हतं, ते सगळं त्यांनी पाण्याने भिजवलं. त्या पाण्याच्या मधोमध, हातात कढई घेऊन, वेलिकाबाई उभ्या होत्या. जाळीला भोक होतं.

संध्याकाळी त्यांचा एक डोळा पूर्ण मिटला, वरचा ओठ नाकाला भेटायला निघाला आणि कान गाजरासारखे लाल झाले. मिता व्हिनेगरच्या पट्ट्या ठेवत होती आणि तोंड फिरवून हसत होती.

"हस, हस," बाई म्हणाल्या. त्या ओठातून ते 'हफ, हफ' असं आलं.

"अगं वेलिके, एक वाक्य बोलायचं होतं. तीन शब्दांचं. त्याच्यापेक्षा हे सोपं वाटलं तुला?"

खरं सांगायचं तर त्यांना ते सोपंच वाटलं होतं. पण त्या खुर्चीवर बसून त्यांना रिकामं थिएटर दिसत होतं, पाणी साचलेलं, आणि त्यात त्रिफोनच्या मेव्हण्याची कपाटं रांगेने उभी. कपाटांना शिट्टी मारून काय उपयोग? शुक्रवार येणार, आणि त्यांना कुठेच जायचं नसणार. मिता गेली. मांजर येऊन त्यांच्याकडे बघून घाबरून गेलं.

पुढच्या दिवशी त्या गेंचोच्या फाटकात उभ्या राहिल्या. गेंचोने वर पाहिलं, आणि तो इतका हसला की बाकावरून खाली आला.

"कोण? कोण हो आपण?"

"गेंचो," बाई म्हणाल्या, "माफं फुकलं."

"काय फुकलं?"

"माफं! फुकलं!"

"बाई, हे स्टेजवर म्हणायचं ठरलं होतं."

"फ्टेजवरफण म्हणीन!"

गेंचो हसता हसता थांबला. बाईंच्या उघड्या डोळ्यात पाणी होतं. ते माश्यांमुळे की कशामुळे, हे त्याला कळलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही. "बसा," तो म्हणाला, "दही पिऊन घ्या. ओठाला गार वाटेल." मग आत जाऊन तो आपला धुराचा भाता, जाळी आणि पेट्या गोळा करू लागला.

गेंचो कुशल होता असं कोणी समजू नये. त्याने पहिल्याच दिवशी भिंतीचा नको तो भाग फोडला. दुसऱ्या दिवशी राणीमाशी सापडली म्हणून सगळ्यांना ओरडून सांगितलं, पेटीत ठेवली, तर ती राणी नव्हती. खरी राणी सापडली तेव्हा त्याच्या मानेला इतके डंख झाले होते की तो वळून बघताना सगळा वळायचा. पण पोळी निघाली. माणसाच्या उंचीची, काळपट, मधाने जड झालेली. आणि तेव्हा गोर्ना लिपाच्या लक्षात आलं की थिएटर सगळ्या गावाचं आहे. बादल्या आल्या, बरण्या आल्या, अंघोळीचं टमरेलसुद्धा आलं. मधात गिलावा होता, माश्यांचे पाय होते, उंदराचा एक केस होता. तरी लोक म्हणाले, औषधी आहे. त्रिफोन बालेव स्वतः आले नाहीत. त्यांनी मेव्हण्याला मोठी बरणी देऊन पाठवलं.

बाईंनी दारात खुर्ची टाकली. बरणी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्या शिट्टी मारून थांबवत आणि विचारत, "तुला काय येतं?" जर्मनीत गवंडीकाम करणारे तीन जण सुट्टीवर आले होते. त्यांना भिंत मिळाली. "बाई, आम्ही विश्रांतीला आलोय हो," त्यातला एक म्हणाला. बाई म्हणाल्या, "विटा लाव आणि मग विश्रांती घे. तुझ्या आजोबांनीही असंच केलं होतं." त्याच्या आजोबांनी फक्त सल्ला दिला होता, पण हे त्या वेळी कोणी काढलं नाही.

राहिला पडदा. जुना, जाड सुती पडदा, मधाने चिकट, धुराने काळा. गेंचो म्हणाला, कोमट पाण्याने हातानेच धुवा. मिताही तेच म्हणाली. पण बाईंची सूज उतरली होती, आणि सुजेबरोबर थोडी नरमाईही उतरली होती.

"गेंचो, तू माश्यांचं बघ. कापडातलं मला कळतं."

गावाबाहेर ओढ्यावर लाकडी कुंड आहे. वरून पाण्याची धार जोरात पडते, आत भोवरा होतो आणि घोंगड्या-चादरी आपोआप धुऊन निघतात. बाईंनी पडदा त्यात टाकला आणि त्या रुबाबात काठावर उभ्या राहिल्या. घोंगडी तिथून फुलून बाहेर येते. पडदा आटून बाहेर आला. वाळत घातला तेव्हा तो दोन्ही बाजूंनी हातभर आखूड होता, आणि त्यावरचा पांढरा रंग ओढ्यातून खाली मेंढ्यांकडे गेला होता.

बातमी त्रिफोनना पोहोचायला वेळ लागला नाही. त्यांनी सभा बोलावली. "आता पडदाच नाही," ते अत्यंत समाधानाने म्हणाले, "तर थिएटर कशाला? हे कसं घडलं, याची चौकशी व्हायला हवी."

असेन म्हणाला, "उष्म्यामुळे असेल." मागून कोणी म्हणालं, "मधामुळे." गेंचो मान धरून बसला होता आणि काहीच बोलत नव्हता. बाईंना माहीत होतं की तो बोलणार नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. मग त्याच्याशी भांडता आलं असतं.

त्या उभ्या राहिल्या. "चौकशी नको. पडदा मी आटवला. दोघांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. धूरही मीच केला. आणि गेंचो, तुझी बंदी. ती जरा जास्तच होती. माझं चुकलं."

सभागृहात इतकी शांतता पसरली की असेनलाही झोप आली नाही. बाईंच्या शाळेत शिकलेली तीन पिढ्यांची माणसं तिथे बसली होती. हे वाक्य त्यांनी बाईंसमोर हजारदा म्हटलं होतं, बाईंकडून कधी ऐकलं नव्हतं. गेंचो सावकाश उठला.

"मला नीट ऐकू आलं नाही," तो म्हणाला. सगळे हसले. "राहू दे. पुन्हा म्हणायला लावलं तर मरायच्या आत यांना ते जमायचं नाही. मिता, कापड आहे तुझ्याकडे?"

कापड होतं. मिताने पडद्याच्या दोन्ही कडांना नव्या पट्ट्या शिवल्या, लोकांनी शिडीवर चढून पांढरा रंग दिला. पट्ट्या मूळ पडद्यापेक्षा पांढऱ्या दिसतात आणि शिवण लपत नाही. नायक चालत चालत कडेला गेला की त्याचं नाक दुभंगतं आणि रंगही एकदम उजळतो. पहिल्याच खेळाला कोणी तरी म्हणालं, "बघ, गोरा झाला." तेव्हापासून दर सिनेमाला म्हणतात.

खेळ पुन्हा सुरू झाला तो नोव्हेंबरमध्ये, शेकोटीच्या दिवसांत. परदेशात राहणारी माणसं परत गेली होती, म्हणून थिएटर अर्धंच होतं, पण होतं ते अर्धं सगळं वेळेवर आलं होतं. पडद्यासमोर त्रिफोन बालेव उभे राहिले. त्यांनी कागद काढला. नगरपालिकेच्या दूरदृष्टीमुळे हे थिएटर कसं वाचलं, आपण पहिल्या दिवसापासून याच मताचे कसे होतो, आणि संकटकाळी मन कसं खंबीर ठेवावं लागतं, हे ते सांगू लागले. पहिलं पान संपलं. दुसरं निघालं. लोकांनी बिया फोडायला सुरुवात केली.

वेलिकाबाईंनी शिट्टी तोंडाशी नेली आणि खाली सोडली. त्या मागे गेल्या आणि वर खोलीत डोकावल्या.

"असेन. लाव."

"ते बोलतायत, बाई."

"बोलू दे. तू लाव."

दिवे गेले. त्रिफोनच्या कपाळावर समुद्र आला, मग एक जहाज आलं आणि त्यांच्या डाव्या गालावर नांगर टाकून उभं राहिलं. ते डोळ्यांवर हात धरून, कागद दिसत नसताना, पाठ असलेलं बोलत राहिले. मग लाटांच्या आवाजात त्यांचं ऐकू येईनासं झालं. नुसते ओठ हलत होते. पुढच्या रांगेतून मिता म्हणाली, "खाली बसा हो साहेब, जहाज दिसत नाही." ते बसले.

बाई दारापाशी आपल्या जागी परत आल्या. त्यांच्या शेजारी, भिंतीला टेकून, गेंचो उभा होता. बंदी उठली होती, पण आत जाऊन बसायला त्याचा पाय निघत नव्हता.

"बाई," तो त्याच्या त्या कुजबुजीत म्हणाला, "त्या सभेत मला नीट ऐकू आलं नाही, असं खरंच वाटलं का तुम्हाला?"

"गप्प बस," वेलिकाबाई म्हणाल्या, आणि कोपऱ्यातलं आपलं स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं.